परसातले रान

कुरुंद्याला आमच्या घरामागे चार गुंठ्यांचे परस आहे. वडील होते तोवर तिथे वांगी, आळू, दोडक्याचा वेल असे काही ना काही असायचेच. ते गेल्यावर दोन पावसाळे तिकडे कोणी फिरकले नाही. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात सुट्टीवर गेलो, मागचे दार उघडले, तो समोर कमरेइतके वाळलेले गाजरगवत आणि त्याखाली हरळी नि लव्हाळा! आई म्हणाली, "एवढं साफ करून दे, दोन भाज्या तरी लावीन. नाहीतर मीच बसते खुरपं घेऊन."

आईचे वय ऐंशीच्या घरात, गुडघे धरलेले. तिचे ते 'बसते' ऐकून मी कुदळ उचलली.

उन्हाळ्यातली आमची काळी जमीन म्हणजे दगडच. आठ दिवस खणले. हाताला फोड आले, गाजरगवताने अंगभर खाज सुटली. पण जागा स्वच्छ दिसली खरी. मग पाऊस पडला, आणि पंधरवड्यात लव्हाळा पहिल्याहून दाट! शेजारच्या मावशींचा जन्म लोकांच्या रानात निंदण्यात गेलेला. त्या कुंपणावरून म्हणाल्या, "सर, तुम्ही लव्हाळा खंदला न्हाई, पेरला!"

श्रोतेहो, मावशींचे खरे होते. लव्हाळ्याच्या मुळांशी गाठी असतात, माळेत ओवल्यासारख्या. माळ अखंड असते तोवर त्यांतल्या बऱ्याच गाठी निजून राहतात. माळ तुटली की त्यांना जाग येते. गाजरगवताचा डाव निराळा. हे अमेरिकेतले गवत, आपल्याकडे पुण्यात १९५० नंतर नजरेस आले. एकेक झाड हजारो बिया टाकते. जमीन उलथली की खाली दडलेले बी वर येते. म्हणजे माझ्या घामावर दोघेही पोसले!

पुढल्या वर्षी कुदळीला हात लावला नाही. जूनच्या चांगल्या पावसानंतर, फुले येण्याआधी, हातमोजे घालून गाजरगवत उपटले. ओल्या मातीतून ते मुळासकट अलगद येते. बाकीचे विळ्याने जमिनीलगत कापले. तेही अर्धा गुंठाच, कारण झाकता येईल तेवढेच कापायचे. त्यावर तागाची जुनी पोती भिजवून एकावर एक चढवून अंथरली, वर वीतभर हळदीचा वाळका पाला. वसमत भागात हळद काढण्याआधी पाला कापतात; तो बांधावर फुकट पडून असतो. पोत्यांना भोके पाडून भोपळा नि चवळी लावली. उरलेल्या जागेत ताग दाट फेकला. लव्हाळ्याला सावली सोसत नाही.

तरी लव्हाळा पोते फोडून वर येतोच. पण त्याला नव्या गाठी धरायला साधारण तीन आठवडे लागतात. दर पंधरा दिवसांनी कापला, की जुन्या गाठीतला साठा खर्ची पडत जातो. हे चिकाटीचे काम. एका पावसाळ्यात संपत नाही. आणि पाल्याखाली विंचूकाटा असतो, तेव्हा आधी काठीने ढवळावे, पायांत बूट घालावेत.

हे पंधरवड्याचे कापणे आता आईच करते, पाटावर बसून, दहा-पंधरा मिनिटे. यंदा पोती आणखी अर्ध्या गुंठ्यावर सरकवली आहेत. भोपळे इतके आले, की चार मावशींकडे पोचवले.