विसणाचा हिशेब

लालबाग-परळच्या गिरण्यांत सूत तुटू नये म्हणून खात्यातल्या हवेत ओल सोडावी लागे. 'एअर कंडिशनिंग' हा शब्दच मुळी १९०६ साली अमेरिकेतल्या स्टुअर्ट क्रेमर या कापडगिरण्यांच्या इंजिनियरने वापरात आणला, तो अशाच कामासाठी. आज गिरण्यांच्या त्याच जमिनीवर, लोअर परळात, काचेचे मनोरे उभे आहेत आणि त्यांतली यंत्रं नेमकं उलटं काम करतात, हवेतली ओल काढतात. तरीही इमारत तापवायच्या यंत्रणेवर बोलायला बसलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो : मुंबईत तापवायचं काय? इथे घामाच्या धारा लागतात! पण आपल्याकडे तापवणं येतं ते ओल काढण्याच्या पाठोपाठ. पावसाळ्यातल्या हवेतलं पाणी काढायचं तर ती बारा-तेरा अंशांपर्यंत गार करावी लागते, तेव्हा कुठे ते यंत्रातल्या गार नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर, धरून निथळतं. ऑपरेशन थिएटरमध्ये हवा सतत आणि भरपूर खेळती ठेवावी लागते. इतकी गार हवा तशीच आत सोडली तर माणसं कुडकुडतील, म्हणून ती पुन्हा थोडी तापवतात. परळला केईएम, टाटा, वाडिया अशी इस्पितळांची रांगच आहे, तेव्हा ऑपरेशन थिएटर इथल्या माणसाला परकं नाही. प्रयोगशाळांत आणि हॉटेलांच्या मोठ्या दालनांतही हीच गरज पडते.

म्हणजे एकाच इमारतीत, एकाच वेळी, एकाच हवेला गारही करायचं आणि तापवायचंही. हे जोखमीचं काम सांभाळायला स्वयंचलित यंत्रणा असते, जिला इमारतीतली माणसं बीएमएस म्हणतात. माझी आजची सगळी तक्रार या यंत्रणेवर टाकलेल्या आंधळ्या भरवशाबद्दल आहे. गिरगावातल्या चाळीतला तांब्याचा बंब आठवा. बंबात जाळ जास्त झाला की पाणी कढत येतं. मग आपण काय करतो? बादलीत विसण घालतो. आंघोळ छान होते, कुणाची तक्रार नसते, पण करवंट्या जळायच्या त्या जळतच राहतात. घरात निदान ते दिसतं. बंबाजवळ कुणीतरी बसलेलं असतं, तो माणूस म्हणतो, पुरे, आता जाळ ओढा. आता अशी कल्पना करा, की बादलीत हात घालून आपोआप विसण घालणारं एक यंत्र तुम्ही बसवलंत आणि बंबाजवळचा माणूस उठवलात. पाणी रोज अगदी बेताचं मिळेल, आणि जाळ किती आहे हे कुणालाही कळणार नाही.

बीएमएस असलेल्या इमारतींत नेमकं हेच होतं. तापवणाऱ्या कॉइलचा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, थोडा गळतो. हवा दोन-तीन अंशांनी विनाकारण तापते. खोलीतला सेन्सर म्हणतो, गरम होतंय. बीएमएस इमानाने गार पाणी वाढवते. खोली तेवीस अंशांवर, सगळे सुखात. पैसे मात्र दोनदा गेले, एकदा उष्णता तयार करायला आणि एकदा तीच काढून टाकायला. यंत्रणा जितकी चांगली, तितका हा दोष जास्त झाकला जातो. हे मी पुन्हा सांगतो, कारण हे कानावरून निसटून जातं : खोली आरामाची आहे याचा अर्थ यंत्रणा नीट चालली आहे असा होत नाही. विसण घातलेल्या बादलीवरून बंबाचा जाळ ओळखता येत नाही.

यावर काही जाणकार म्हणतील, आमची इमारत ऊर्जा-संहितेनुसार बांधलेली आहे. मान्य. ही संहिता २००७ साली आली आणि २०१७ साली कडक झाली. गार करणं थांबायचं आणि तापवणं सुरू व्हायचं या दोहोंत तीन अंशांची मोकळी जागा ठेवता यावी, असं ती सांगते. अट शहाणी आहे. पण संहिता इमारत उभी राहताना तपासली जाते आणि व्हॉल्व्ह गळायला लागतो पाचव्या वर्षी. पडद्यावर 'बंद' अशी अक्षरं दिसत असतात. ती अक्षरं यंत्रणेने दिलेल्या हुकमाची आहेत, व्हॉल्व्ह खरोखर मिटला याची नव्हेत. दुसरा आक्षेप पैशाचा : यासाठी वेगळा माणूस कुठून आणायचा? अहो, माणूस तिथे आहेच, पाळीवर बसलेला. त्याला फक्त तक्रारी मिटवायला सांगितलेलं असतं, आणि या दोषात तक्रार येतच नाही. आकडे वाचायला त्याला सांगितलेलंच नसतं, हे मला खरंच खुपतं. लाखो रुपयांचे सेन्सर दर मिनिटाला नोंद करतात आणि महिनोन्महिने ती कुणी उघडत नाही.

तेव्हा इमारत सांभाळणाऱ्या मंडळींनी एवढं करावं. थिएटर रिकामं असेल तेव्हा, इस्पितळाला विचारून, तापवायचा व्हॉल्व्ह बंद करण्याचा हुकूम द्या, अर्धा तास थांबा, आणि त्या कॉइलच्या अलीकडची आणि पलीकडची हवा साध्या, खात्रीच्या तापमापकाने मोजा. पंख्यामुळे पडणारा किरकोळ फरक सोडून द्या. दोन-तीन अंशांचा फरक दिसला तर व्हॉल्व्ह गळतोय. भिंतीवरच्या सेन्सरवर विसंबू नका, तो उन्हाच्या काचेजवळ बसवलेला असेल तर तोही चुकीचंच सांगणार. खरं तर आणखी एक गोष्ट बोलायची होती. पाणी गार करणाऱ्या चिलरने काढलेली उष्णता गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमधून हवेत सोडायची आणि खाली आंघोळीचं पाणी वेगळी वीज जाळून तापवायचं, हे कशासाठी? हीट पंप एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो, आणि त्या उष्णतेचा... पण स्टुडिओतला लाल दिवा लागला आहे, वेळ संपली. पावसाळा संपायच्या आत तो व्हॉल्व्ह तेवढा तपासा.