मालक नसलेल्या आईची रजा



पनवेलच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसणारी कोळीण, घरी ब्लाउज शिवणारी ताई, दारोदार फिरून पार्लरची कामं करणारी मुलगी. बाळंतपणाची रजा यांनी मागायची कुणाकडे? 2017 पासून कायदा नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा देतो. पण त्यासाठी मालक हवा. या बायका आपल्या मालक आपणच. पाटी उचलली नाही, की त्या दिवसाची कमाई गेली.

त्यांच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळाला 5,000 रुपये, दुसरी मुलगी झाली तर 6,000. ते 5,000 रुपये 26 आठवड्यांवर वाटले, तर दिवसाला साडेसत्तावीस रुपयेही पडत नाहीत. आणि बापाचं काय? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यानं 15 दिवस गाडी उभी ठेवली, तर कर्जाचा हप्ता कोण भरणार?

हा भार उचलायचा कुणी, हा वाद जुना आहे. आपल्या रायगडातल्या गोरेगावी जन्मलेले कामगार नेते ना. म. जोशी यांनी 1924 मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक मांडलं. ते फेटाळलं गेलं. जुलै 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात अशाच विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी सांगितलं, की लोकांचं हित जपणं हे मुळात सरकारचं काम, तेव्हा या खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलावा. 1929 च्या कायद्यानं मात्र तो मालकावर टाकला. जिला मालकच नाही, ती बाहेर राहिली.

मार्ग नाही असं नाही. बांधकाम कामगारांचंच पाहा. बांधकामाच्या खर्चावर उपकर घेतला जातो. त्यातून राज्याचं कल्याणकारी मंडळ नोंदीत कामगार स्त्रीला किंवा कामगाराच्या पत्नीला बाळंतपणासाठी 15,000 रुपये देतं, शस्त्रक्रिया झाल्यास 20,000. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठीही मातृत्व लाभाच्या योजना आखण्याची तरतूद आहे. सरकारनं ती योजना आखावी, आणि रक्कम किमान वेतनाशी बांधावी.

तोवर आपल्या हातातलं करू या. ई-श्रम कार्ड मोफत निघतं, आणि ते असलेली स्त्री मातृवंदना योजनेला पात्र ठरते. शेजारी कुणाला दिवस गेले असतील, तर तिला अंगणवाडी सेविकेकडे किंवा आशाताईकडे घेऊन जा आणि नाव नोंदवून घ्या.