जुन्या संगणकाला कार्ड घेताना

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. मी अंबरनाथला संगणक दुरुस्त करतो, हे तुम्हाला माहीत आहेच. आपल्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी प्रश्न येतो, "पोराच्या पीसीचं ग्राफिक्स कार्ड गेलं, स्वस्तात कुठलं घेऊ?" पाच मिनिटांत सात उत्तरं येतात. सगळे कार्डाची नावं सांगतात, संगणक कोणता आहे हे कुणी विचारत नाही. मला आज एवढंच सांगायचं आहे की कार्ड दुकानात जाऊन ठरवायचं नसतं, घरी कॅबिनेट उघडून ठरवायचं असतं.

उदाहरण आपल्यातलंच घेतो. बदलापूरला राहणाऱ्या आपल्या एका मैत्रिणीची मुलगी इंटिरिअर डिझाइन शिकते. संगणक एका ऑफिसातून निघालेला, चौथ्या पिढीचा आय-५, अंगाने बारीक. सबमिशन महिन्यावर आलं आणि कार्ड बंद पडलं. फी नुकतीच भरलेली, त्यामुळे नव्या संगणकाचा विषयच नव्हता.

पहिलं काम, कार्ड खरंच गेलंय का ते बघणं. प्लग काढा, कार्ड बाहेर घ्या, खालची सोनेरी पट्टी साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, पंख्यातली धूळ काढा आणि कार्ड पुन्हा नीट दाबून बसवा. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने हवेत ओल असते, त्या पट्टीवर थर चढतो. पाच रुपयांच्या रबराने उठलेली कार्डं मी कितीतरी पाहिली आहेत. तिचं मात्र उठलं नाही.

दुसरं, मॉनिटरची वायर थेट मदरबोर्डला लावून बघा. बऱ्याच प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय आतच असते. ज्यांच्या घरी अभ्यास, पत्रं आणि व्हिडिओ एवढंच चालतं, त्यांनी इथेच थांबावं आणि पैसे खिशात ठेवावेत. तिच्या संगणकावर चित्र आलं, साधे नकाशेही उघडले, पण थ्रीडी खोली फिरवायला गेली की सगळं अडकायचं. म्हणजे कार्ड लागणारच होतं.

तिसरं, वीज. कार्ड ज्या खाचेत बसतं ती खाच जास्तीत जास्त ७५ वॅट देते. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला पॉवर सप्लायमधून वेगळी वायर लागते. तिचा पॉवर सप्लाय २४० वॅटचा, आणि तशी वायरच नव्हती. एवढ्या एका गोष्टीने ग्रुपवरच्या सातांपैकी चार नावं बाद झाली. साधा बिननावाचा पॉवर सप्लाय असेल तर आधी तो बदला. वीज जाते-येते तेव्हा पहिला मार तोच खातो आणि जाताना कार्डालाही घेऊन जातो.

चौथं, माप. बारीक कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं, दुकानात 'लो प्रोफाइल' म्हणून मागा. मॉनिटरही बघा. जुन्या मॉनिटरला निळ्या टोकाची व्हीजीए वायर असते, आणि गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक कार्डांवर ती जागाच नसते. तेव्हा कन्व्हर्टरचे पैसे आधीच हिशेबात धरा.

पाचवं, नावाला भुलू नका. जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली आलं. पुढच्या वर्षी त्याच नावाने दुसरं आलं, ज्यात जीडीडीआर५ ऐवजी डीडीआर४ मेमरी होती. नाव एकच, पण दुसऱ्याच्या मेमरीचा वेग पहिल्याच्या जवळजवळ एक तृतीयांश. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅट खातं, पण खाचेच्या चारच लेन वापरतं, त्यामुळे जुन्या मदरबोर्डवर त्याचा जोर कमी पडतो. जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॅटात बसतं आणि सेकंडहँड सहज मिळतं, पण त्या पिढीला गेमसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबले. तिला अजून काही वर्षं शिकायचं आहे, म्हणून आम्ही त्यापुढच्या पिढीचं, अर्ध्या उंचीचं जीटीएक्स १६५० सेकंडहँड घेतलं. तेही ७५ वॅटात चालतं.

सेकंडहँड म्हटलं की भीती असते, आणि ती रास्त आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र तापलेली कार्डं बाजारात आली. काही ठिकाणी जुन्या कार्डात खोटं नाव भरूनही विकतात. आपल्या लहानपणी 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर, असा विनोद चालायचा. आता नकली माल मोबाइलवर घरबसल्या येतो आणि विकणाऱ्याचं तोंडही दिसत नाही. त्यापेक्षा उल्हासनगरच्या कॅम्पातला ओळखीचा दुकानदार बरा. नाहीतर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोडला जा. कार्ड चालू करून दाखवायला सांगा, जीपीयू-झेड नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये तपासा, पंधरा मिनिटं त्यावर भार टाका, आणि बिलावर परत घेण्याची मुदत लिहून घ्या. जो लिहून देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

मुलीचं सबमिशन वेळेवर झालं. कन्व्हर्टर धरूनही खर्च नव्या संगणकाच्या किमतीच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी आला.

जाता जाता आपल्या वर्गणीविषयी. शाळेच्या संगणक कक्षासाठी आपण निधी जमवतो आहोत आणि प्रत्येक संगणकाला कार्ड द्यावं अशी सूचना आली आहे. मी मागच्या शनिवारी ते संगणक उघडून पाहिले. सगळ्यांत चित्राची सोय आत आहे आणि ती चालू आहे. त्यांना कार्ड नको, त्यांना एसएसडी आणि थोडी रॅम हवी. तेवढ्याच पैशात निम्म्याऐवजी सगळे संगणक वेगाने चालतील आणि एका मशीनवर तीन-तीन मुलांना बसावं लागणार नाही. बसवून द्यायचं काम माझं, त्याची मजुरी नाही. फक्त दोन रविवार स्क्रू काढायला चार माणसं हवीत. नावं आजच जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे द्या.