संध्याकाळची हजेरी



मुंबईत हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानांवरून लालबागकडे निघालं की जुन्या गिरण्यांच्या जागेवरचे टॉवर लागतात. त्यांच्या फाटकांवर उभ्या असलेल्या रखवालदारांमध्ये पलटणीतून पेन्शनवर आलेले साताऱ्या-कोल्हापूरकडचे गडीही असतात. बुटांना पॉलिश, पाठ ताठ. शिपाई पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो. मुलं शाळेत असतात आणि घरखर्च पेन्शनीत भागत नाही. मग बारा तासांची ड्यूटी.

पलटणीत संध्याकाळी हजेरी होते. एक माणूस कमी भरला तर लगेच शोध सुरू होतो. पेन्शनवर आलेल्याचं नाव मात्र कोणी पुकारत नाही. त्याच्या एकटेपणाची सुरुवात अनेकदा इथूनच होते, आणि हा एकटेपणा कधीकधी जिवावर बेततो.

जुलै 2022मध्ये सरकारनं संसदेत सांगितलं, की आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतल्या 819 जणांनी आत्महत्या केली. हे सगळे सेवेतले. माजी सैनिक मात्र आत्महत्यांच्या राष्ट्रीय तक्त्यात वेगळा दिसत नाही. नोकरीवर असला तर नोकरदारांत, नसला तर निवृत्तांत मिसळून जातो. अमेरिकेत ही मोजदाद होते: 2022मध्ये 6,407 माजी सैनिक, म्हणजे दिवसाला सतराहून अधिक. त्यांच्यासाठी तिथं 2007पासून खास हेल्पलाइन आहे.

घरातल्यांना आधी काय दिसतं? रात्र रात्र झोप नाही, दारू वाढलेली, बोलणं तुटलेलं. एक दिवस तो पेन्शनची फाईल काढतो, पासबुक कुठलं, कागद कुठले, हे बायकोला नीट समजावून सांगतो. ही शिस्त वाटते, पण अशा वेळी शेजारी बसून सरळ विचारावं, "अहो, जीव द्यायचे विचार मनात येतात का?" असं विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत, हे संशोधनानं दाखवलं आहे. उलट अडकलेलं बोलणं सुटतं. घरात परवान्याची बंदूक असेल, आणि गनमनची नोकरी करणाऱ्याकडे ती असू शकते, तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येते. वाईट घटका टळून जायला तेवढा वेळ मिळणं फार मोलाचं असतं.

जीव द्यायचा प्रयत्न झालाच, तर पोलीस केस होईल म्हणून लपवू नये. मे 2018पासून लागू झालेला मानसिक आरोग्य कायदा अशा माणसाला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखाली असलेला मानतो आणि त्याच्यावर उपचार करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.

उपचारांसाठी लांब जावं लागत नाही. हिंदमाताहून चालत जाण्याच्या अंतरावर केईएम रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. दादर पूर्वेला फाळके रोडवर 'समॅरिटन्स मुंबई'चे स्वयंसेवक मन लावून ऐकून घेतात. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलता येतं. पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात 1 डिसेंबर 2023ला सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष सुरू झाला.

सावरण्यासाठी गोळ्यांबरोबर हाताला काम आणि सोबतीला माणूस लागतो. जखमी सैनिकांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरीज संस्था 1917मध्ये मुंबईतच निघाली, पुढे खडकीला गेली. ते काम तिथं अजून चालू आहे. मनाच्या जखमेलाही अशी साथ हवी: दवाखान्यात पहिल्या दिवशी पलटणीतला जुना सोबती बरोबर जावा, बाकावर शेजारी बसावा, पुढची तारीख त्यानंही लिहून घ्यावी.

सोसायट्यांच्या सेक्रेटरींना एक विनंती. फाटकावरच्या केबिनमध्ये ड्यूटीचा तक्ता लावलेला असतो. त्याच्या शेजारी 14416 हा नंबर मोठ्या अक्षरांत लावा, आणि संध्याकाळी पाळी बदलताना रखवालदाराला नावानं हाक मारून पाच मिनिटं बोला.