डब्याआधी वजनकाटा

दोस्तहो, मी कोड लिहितो, डॉक्टर नाही. औषधाचा सल्ला मी देणार नाही. पण तुमच्यापैकी काहीजण निक्षय मित्र म्हणून टीबीच्या पेशंटना शिधा पोचवतात, काहींच्या घरातच पेशंट आहे. म्हणून खाण्याबद्दल बोलतो.

पेशंट वाळलेला दिसला की आपल्याकडे पावडरचा डबा येतो. डॉक्टरही कधी चिठ्ठीच्या तळाशी 'प्रोटीन पावडर' एवढंच लिहून मोकळे होतात. किती, किती वेळा, किती दिवस, काही नाही. डबा महाग, त्यामुळे घरात तो पुरवून पुरवून वापरतात. अम्मीला एक चमचा, पोरांना एक चमचा.

कुपोषित वृद्धांसाठी युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेने माप घालून दिलंय : अशा पूरक आहारातून दिवसाला किमान 400 कॅलरी, त्यात 30 ग्रॅम प्रथिनं, किमान महिनाभर, आणि उपयोग होतोय का हे दर महिन्याला तपासायचं. चमचाभर पावडर तिथपर्यंत पोचत नाही. याला औषधासारखा डोस आहे, हे आपण विसरतो.

आता झारखंडचं ऐका. तिथल्या 4 जिल्ह्यांत 'रॅशन्स' नावाचा अभ्यास झाला, 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. 2,800 पेशंट, दहातले आठ कुपोषित. प्रत्येकाला महिन्याला 10 किलोचा शिधा : तांदूळ, भाजक्या चण्याचं सत्तू, दूध पावडर, तेल. सोबत व्हिटॅमिनच्या गोळ्या. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन 5 टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्के कमी दिसला. शिधा सगळ्याच पेशंटना होता, म्हणून हा आकडा जपून वापरा; वजन शिध्यामुळेच वाढलं आणि त्यामुळेच जीव वाचला, असं तो सिद्ध करत नाही. घरच्यांचा भाग मात्र नीट तुलना करून केला होता. ज्या कुटुंबांनाही तांदूळ-डाळ दिली, तिथे नवा टीबी 39 टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे पोरांच्या तोंडी जाणारा तो चमचा चूक नव्हता. घरात अन्न कमी होतं.

सत्तू कुठल्या मेडिकलमध्ये मिळत नाही, त्याची जाहिरातही नाही. भिवंडी-मालेगावच्या लूमवाल्या घरात ते परवडेल, डबा परवडणार नाही.

सरकारी योजनेत नोव्हेंबर 2024 पासून पेशंटला महिन्याला 500 ऐवजी 1,000 रुपये आहेत. निदानावेळी बीएमआय 18.5 च्या खाली असेल तर पहिले दोन महिने जास्त ऊर्जेचा पूरक आहारही द्यायचं ठरलंय. पण उंचीच मोजली नाही तर बीएमआय येणार कुठून? 160 सेंटीमीटर उंचीच्या माणसाचं वजन साधारण 47 किलोच्या खाली असेल तर तो यात बसतो. हे तुम्ही केंद्रावर विचारा. "डॉक्टरसाहेब, वजन-उंची लिहिली का? पूरक आहार कधी मिळेल?" आवाज न चढवता विचारलं तरी चालतं.

शिधा द्यायला जाल तेव्हा वजनकाटा बरोबर ठेवा, तारखेसह वहीत लिहा. 40 किलोचा माणूस दोन महिन्यांत 42 वर आला का, एवढंच बघायचं. कमी झालं तर वही घेऊन पेशंटला केंद्रावर न्या. शुगरवाल्या पेशंटच्या डब्यावरचं लेबल वाचा, काहींत साखर भरपूर असते.

आणि पाच-सहा दिवस ज्याच्या पोटात जवळजवळ काही गेलं नाही, त्याला प्रेमाने एकदम भरपूर खाऊ घालू नका. अशा शरीरात अचानक अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट घसरतं आणि हृदयावर बेतू शकतं. त्याला आधी डॉक्टरकडे न्या, शिधा नंतर.