पदवीनंतरचा हिशेब

(पदवीधर विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



अशा समारंभात वक्त्याने त्यागाचा उपदेश करावा आणि पालकांनी तो थोड्या धास्तीने ऐकावा, असा प्रघात आहे. आपला मुलगा उद्या झोळी घेऊन निघतो की काय, ही ती धास्ती. मी आज हिशेबाविषयी बोलणार आहे. कला शाखेच्या पदवीधराने हिशेब सांगावा, हे जरा धाडसच!

१ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. पुढच्या वर्षी एम. ए. झालेले आगरकर येऊन मिळाले. त्या काळी पदवी म्हणजे सरकारी नोकरीचा राजमार्ग. घरी दारिद्र्य असूनही, माझ्या पदवीतून घरात सुबत्ता येईल ही अपेक्षा सोड, असे आगरकरांनी आईला लिहून कळविले. त्या पत्राचे आपण कौतुक करतो. ते वाचून त्या माउलीला काय वाटले असेल, याचा विचार फारसा होत नाही.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय उभे राहिले, ते ध्येयवादावर खरेच; पण त्या ध्येयवादाला आकडे होते. आजीव सदस्याने वीस वर्षे द्यायची आणि दरमहा पंचाहत्तर रुपयांत संसार करायचा. नावात ‘आजीव’, पण मुदत ठरलेली! पुढे बाहेरच्या मिळकतीवरूनही वाद झाले. सदस्याने सारी शक्ती संस्थेलाच द्यावी, असा टिळकांचा आग्रह होता. अखेर १८९० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ध्येयवाद्यांनी पैशावरून भांडावे, याचे काहींना वैषम्य वाटते. मला तो त्यांचा प्रामाणिकपणा वाटतो. पैशाचा प्रश्न त्यांनी झाकून ठेवला नाही. गोखले १९०२ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले, तेव्हा ते अवघे छत्तीस वर्षांचे होते. भारत सेवक समाज त्यांनी त्यानंतर, १९०५ मध्ये स्थापन केला.

तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज असेल. ते आधी फेडा, त्यात कमीपणा नाही. मग कागद घेऊन बसा. घराला दरमहा किती लागते? मी किती वर्षे देऊ शकतो? दोन असतील तर दोन लिहा. वाढदिवशी रुग्णालयात फळे वाटल्याची छायाचित्रे आमच्या कार्यालयात ढिगाने येतात. आश्रमशाळेला मात्र असा शिक्षक हवा असतो, जो पुढच्या जूनमध्येही वर्गात दिसेल.

पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी असा कागद घेऊन समोर आली, तर ‘आधी लग्न, मग बघू’ म्हणून तो बाजूला सारू नका. आकडे तपासा. कमी वाटले तर वाढवायला सांगा, आणि त्यात आपला वाटा घालता आला तर तोही लिहा. घरखर्चाचा थोडा भार तुम्ही उचललात, तरी दोनाची तीन वर्षे होतात.