खडूचा तुकडा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज इब्रामपुरात जमलो आहोत, त्यांच्यासमोर मला एक कबुली द्यावयाची राहून गेली. ती आज देतो.

एक द्वितीयांश मोठा की एक तृतीयांश, हा प्रश्न मी पाचवीच्या वर्गात वर्षानुवर्षे विचारी. दोनापेक्षा तीन मोठे, म्हणून तृतीयांश मोठा, असेच उत्तर येई. एके वर्षी मी एका खडूचे दोन आणि तेवढ्याच दुसऱ्या खडूचे तीन सारखे तुकडे केले. छेद वाढला की हिस्सा लहान होतो, हे मुलांना तत्काळ पटले. मी स्वतःवरच प्रसन्न झालो.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिच्या एका हातात नव्या खडूचा तिसरा हिस्सा होता, दुसऱ्यात झिजलेल्या खडूचा अर्धा. 'सर, हा तिसरा हिस्साच मोठा आहे.' वर्ग हसला. मीही हसलो आणि तिला खाली बसविले. त्या वर्षात तिने पुन्हा हात वर केला नाही.

तिचे काही चुकले नव्हते. 'कशाचा अर्धा?' हा प्रश्न मी विचारलाच नव्हता, आणि अपूर्णांकाचे सारे मर्म त्या 'कशाचा' या शब्दात आहे. मासळीबाजारात वाटा केवढा आहे हे पाहिल्यावाचून आपल्या गृहिणी दर ठरवीत नाहीत. गणिताच्या तासाला मात्र मी ते विसरलो.

ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा माँटेसरीची महागडी साधने बाजूस ठेवून शिंपले, खडे, बिया, पाने मुलांच्या हाती दिली. त्यातील काटकसरीचे आपण कौतुक करतो. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, ओळखीची वस्तू हाती असली म्हणजे मूल शिक्षकाला खोडून काढू शकते. फळ्यावरच्या नियमाला ते खोडू शकत नाही.

अर्थात खडूलाही मर्यादा आहे. सातवा हिस्सा करू गेल्यास भुकटीच हाती येते. तेथे खडू ठेवून वहीत रेघ आखावी, आणि पुढे रेघही सोडावी. शंभरावा भाग मनातच करावा लागतो. पण ही घाई पहिल्याच दिवशी नको.

पुढील वर्षापासून मी मुद्दाम लहानमोठे खडू वर्गात नेऊ लागलो आणि तिचाच प्रश्न मुलांना विचारू लागलो. ती मुलगी तोवर सहावीत गेली होती.